पहिल्या हाकेला दिलेली ओ

सगळ्यात आधी गोदावहिनीचं नाव घेतो. माझ्या थोरल्या भावाची ही बायको. माझी पदवी, माझी नोकरी, या मासिकाला पत्र लिहिण्याची हिंमतसुद्धा... हे सगळं तिचं देणं आहे. आणि पुढचा प्रसंग तिला वगळून सांगताच येत नाही.

दुसरं म्हणजे, या सदरातल्या वडावरच्या बाया आणि नदीकाठचे दिवे वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. गणित घेऊन बी.एस्सी. झालो आहे. भूत, करणी, भानामती यांतलं काही मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी लिहितो आहे, कारण माझ्यासमोर जे घडलं त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. 'तुमच्या लक्षात राहिलं नसेल' हे उत्तर मी घेणार नाही, आणि 'बाहेरचं काहीतरी होतं' हेही घेणार नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. मी जे झालं तेवढंच सांगणार.

आमचं घर अमडापूरला, चिखली तालुक्यात. थोडं ओलिताचं वावर आणि त्यात वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी आई मी लहान असतानाच गेली. आजोबांच्या माघारी जन्मलो म्हणून त्यांचंच नाव मला ठेवलेलं — तुळशीराम. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जाऊ लागलो होतो.

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते माणूस जाऊन किती वर्षं झाली हे त्यात बघत नाहीत. वहिनी अंगणातल्या तुळशीलासुद्धा 'वृंदाबाई' म्हणायची. मग मला हाक कशी मारणार? तिनं मला नवं नाव दिलं — मोतीभाऊ. हे नाव फक्त तिचं. वडील, दादा, शाळा, गाव... सगळ्यांसाठी मी तुळशीराम. मोतीभाऊ ऐकू आलं की ती हाक चुलीजवळूनच आलेली असायची.

गावात तुळशीराम आणखीही होते. एक वेशीजवळचा, एक पिठाच्या चक्कीवाल्याचा, एक मळ्यातला. पण कधी घोळ झाला नाही. आधी घर सांगायचं आणि मग नाव. एवढी साधी गोष्ट पुढे मला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

ओलिताला माझी पाळी असली की वहिनी म्हणायची, "तुमी बसा हो मोतीभाऊ पुस्तक घेऊन. पान्याले काय, ते मी बी वळवीन." दादा कुरकुरायचा. ती पदर खोचून, फावडं उचलून चालू लागायची. चिखलीच्या हायस्कुलात जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांसमोर ती एकटी माझ्या बाजूनं बोलली होती. ती स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षर सुटं असलं तर वाचते, जोडून लिहिलेलं असलं की अडते.

पदवीनंतर पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागलो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगायचं तर 'हिशेबाची मोठी मशीन' असं सांगावं लागे. प्रोग्राम आम्ही चौकटी आखलेल्या कागदावर लिहायचो, एका चौकटीत एक अक्षर. मग ते कागद पाहून पंचिंगच्या मुली कार्डांना भोकं पाडायच्या आणि ती कार्डं मशीन वाचायची. मी वहिनीला पत्रंही त्याच कागदावर लिहू लागलो. चौकटीत अक्षर सुटं पडतं आणि तिला भरभर वाचता येतं. घरी त्याला 'मोतीभाऊचा खिडक्यांचा कागद' म्हणत.

कंपनीला बुलडाणा जिल्ह्याचं एक काम मिळालं. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याची मोजणी झालेली होती. तिच्यावरून कोणत्या गावात नवीन विहिरी खोदता येतील हे मशीनकडून काढायचं होतं. मशीन मुंबईत, पण माहिती जिल्ह्यात. म्हणून आम्हा तिघांना बुलडाण्यात बसवलं, बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. पुण्याचा जोगळेकर पावसाचा भाग लिहायचा. मलकापूरचा इकबाल विहिरींचा. आणि मी जमिनीचा, शिवाय तिन्ही भाग एकत्र जोडण्याचं काम माझं. वर परांजपे साहेब. ते पुण्याहून महिन्यातून एकदा येत.

पहिली फेरी मशीनवर चढवली आणि फजिती झाली. जोगळेकरनं पावसाच्या उंचीला 'डेप्थ' नाव दिलं होतं. इकबालनं विहिरीच्या खोलीलाही 'डेप्थ'च नाव दिलं. आपापल्या जागी दोन्ही बरोबर. पण एकत्र जोडल्यावर मशीनला दोन डेप्थ वेगळे कसे कळणार? तिनं एकाच्या जागी दुसरा आकडा ठेवून दिला.

साहेब निकालाचा गठ्ठा घेऊन आले. "काय हो तुळशीराम, तुमच्या जोडणीत सोनाळ्याला विहिरीएवढा पाऊस पडलाय. एव्हाना लोक सातपुड्यावर चढून बसले असतील."

जोगळेकर हसला. इकबाल खाली मान घालून बसला.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात एकाच नावाची चार माणसं असतात. आम्ही आधी घर सांगतो. इथंही तसंच करू. प्रत्येक भागाला एक घर द्यायचं, घराची दोन अक्षरं आधी आणि मग नाव. एका घरात कोणी काहीही नाव ठेवो, दुसऱ्या घराला धक्का लागणार नाही."

"म्हणजे आता मशीननं अमडापूरच्या पद्धतीनं चालायचं." ते जोगळेकरकडे बघून बोलले. "जिथं घरांना धड नंबर नाहीत तिथली पद्धत."

"नंबर नाहीत साहेब, पण पोस्टमन चुकत नाही."

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही कळलं नाही. साहेबांनी निकालाचा गठ्ठा मिटला. मग म्हणाले, "करा. मात्र पुढची फेरी अडली तर ही घरं-बिरं मोडायची. आणि तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे, तो तिथंच राहील."

ते गेल्यावर इकबाल म्हणाला, "अबे, नोकरी घालवून राह्यला का तू?"

"नाही गेली अजून."

"जाईन ना पण. जरा गोड बोलत जाय बे."

मशीनला तेव्हा नावं सहाच अक्षरांची चालत. त्यांतली दोन घराला दिली. पावसाचं घर आरएन, विहिरींचं डब्ल्यूएल, जमिनीचं एलडी. आणि चौथं एक सामाईक घर. काही कामं तिघांनाही लागत. ती एकदाच लिहून तिथं ठेवायची आणि ज्याला लागेल त्यानं नावानं बोलवायची. त्या घराला मी दोन अक्षरं दिली — एमओ.

"एमओ म्हणजे काय रे?" जोगळेकरनं विचारलं.

"मिसलेनियस ऑपरेशन्स," मी ठोकून दिलं.

इकबालनं माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलून राह्यला हा," तो म्हणाला. पण पुढं विचारलं नाही. मोती हे नाव मी त्यांना सांगणार नव्हतो.

एमओ घरातलं सगळ्यात नाजूक काम होतं कोऱ्या जागांचं. मोजणीच्या कागदावर एखाद्या विहिरीसमोर आकडाच नसे. तिथं पाणी नव्हतं म्हणून आकडा नाही, की वावराचं फाटक बंद होतं म्हणून माणूस न मोजताच परत आला? लोणारकडच्या बीबी गावाच्या कागदात अशा कोऱ्या जागा फार. सगळ्या कोरड्या धरल्या तर बीबीला एकही नवी विहीर मिळाली नसती. शेजारच्या विहिरी, पुढचा महिना, जमिनीचा प्रकार हे सगळं बघून निर्णय करणारा एक भाग मी लिहायला घेतला. त्याचं नाव एमओ-ड्राय. बाकी सगळे भाग त्याला बोलवणार होते. तो सापडला नाही तर मशीन तिथंच थांबते आणि न सापडलेलं नाव छापते. यात मशीनची मर्जी वगैरे काही नसते.

हा भाग मी नवरात्रात अमडापूरला बसून पुरा केला. नवमीला घरी गेलो होतो. बाजेवर बसून शेवटच्या ओळी लिहिल्या, ते कागद बाकीच्या भागांचा गठ्ठा भरलेल्या पिशवीवर ठेवले आणि विहिरीवर अंघोळीला गेलो. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याचं त्याचं अवजार पूजेला मांडतात. विळा, खुरपं, फावडं, वखराची पास. मी परत आलो तेव्हा वहिनी देवघरातून बाहेर येत होती.

"तुमचं बी अवजार मांडलं हो मोतीभाऊ," ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्या वाटणीचं खुरपं. मी 'बरं' म्हटलं. जेवलो. दसऱ्याला थांबता येणार नव्हतं, इकबाल मुंबईला निघणार होता. पिशवी उचलली आणि दुपारची एस.टी. धरली. बुलडाण्याला पोचलो तेव्हा इकबाल सामान बांधून बसलेला. पिशवीतला गठ्ठा तसाच त्याच्या हातात दिला, आणि तो मलकापूरला मुंबईची गाडी धरायला निघून गेला.

काही दिवसांनी इकबाल परतला तो जिना दोन-दोन पायऱ्या चढत.

"चाललं बे. पहिल्या दमात. कुठंच नाही अडलं."

साहेबही त्याच्या मागोमाग आले. निकाल चांगले होते. सोनाळ्याचा पाऊस पावसाएवढाच होता. बीबीच्या कोऱ्या जागा जिथं फाटक बंद असणार तिथं फाटक बंद धरलेल्या, जिथं कोरडी विहीर तिथं कोरडी. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. मला एवढंच म्हणाले, "बरं केलंत." मला ते पुष्कळ होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी छापलेला प्रोग्राम उघडला. मशीन जेवढी कार्डं वाचते तेवढं सगळं छापून देते. आपलं लिहिलेलं छापलेलं बघायची हौस, दुसरं काही नाही. एमओ घर काढलं. बाकीचे भाग होते. एमओ-ड्राय नव्हता. दुसऱ्यांदा बघितलं. मग सगळा गठ्ठा पहिल्यापासून बघितला. एमओ-ड्रायला बोलावलेल्या जागा छापलेल्या होत्या. तो स्वतः कुठंच नव्हता.

सकाळी इकबालला विचारलं.

"अरे हो, ते तुले सांगायचं राह्यलं. तो भाग भेटलाच नाही गठ्ठ्यात. मी म्हटलं मशीनची पाळी जाईन, चढव तर खरं, अडन तिथं पाहू. अडलंच नाही. मले वाटलं तू दुसऱ्या भागात घुसवला असन."

"नाही घुसवला."

"मग?"

मी पिशवी झटकून पाहिली. तो भाग तिच्यातही नव्हता.

रविवारी अमडापूरला गेलो. वहिनी ओसरीवर गोधडी पांघरून बसली होती, चेहरा उतरलेला. दादा म्हणाला, बाजाराच्या दिवसापासून ताप आहे. मी विचारलं, "वहिनी, माझे खिडक्यांचे कागद राहिले का इथं?"

"राह्यले म्हंजे? पूजेतच हायेत. ज्याचं अवजार त्यानंच उचलाव लागते ना. मी कसं उचलीन?"

देवघरात गेलो. बाकीची अवजारं दसऱ्यालाच उचललेली. पाटावर माझे कागद, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं आणि वाळलेलं झेंडूचं फूल. एमओ-ड्राय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मी बाहेर आलो. मशीनचं मी अजून काही बोललो नव्हतो, हे वाचकांनी नीट लक्षात घ्यावं. वहिनीच बोलू लागली.

"मोतीभाऊ, माह्या हातून एक चूक झाली."

"कागदाचं काही नाही हो वहिनी."

"कागदाचं नाही. बाजाराच्या दिवशी घरी कोणी नव्हतं. जेवणं झालते, मी लसूण सोलून राह्यलती. दारातून हाक आली. मोती. भाऊ नाही, काही नाही, नुसतं मोती. अन् मी ओ दिली. पहिल्याच हाकेले."

आमच्या भागात लहानपणापासून शिकवतात — दारावरच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. दुसरं काही असलं तर ते एकदाच मारतं, आणि ज्याच्या नावानं मारली त्याला घेऊन जातं. वहिनीनं हे जन्मभर पाळलेलं. पोस्टमनसुद्धा आमच्या दारात तीनदा ओरडतो.

"दारात कोण होतं?"

"कोणीच नाही. कुत्रं उन्हात झोपलेलं. त्यानं कान बी नाही हलवला."

"आवाज कोणाचा होता?"

तिनं गोधडी अंगाभोवती ओढली. "त्या नावानं तुमाले मीच हाक मारते ना. माह्यासारखाच होता."

इकबालनं आणलेल्या छापील कागदाच्या डोक्यावर तारीख असते. ती अमडापूरच्या बाजाराचीच होती. आणि त्यानं जेवण झाल्यावर प्रोग्राम मशीनवर चढवला होता.

मी हे घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताप वाढला असता. पण घरात गोष्ट आधीच पुढं गेली होती. शेजारच्या म्हातारीनं वहिनीला सांगून ठेवलेलं, की हाक दिराच्या नावाची होती, आता दिराला जपा. दादानं एका भगताकडून काळा दोरा आणलेला.

"बांधून घे," दादा म्हणाला.

"नाही."

"अबे, तुले काय जाते? दोराच आहे."

"बांधला तर वहिनीनं काही वाईट केलं असं होईल. तिनं काही केलेलं नाही."

दादा वैतागला. "एवढा शिकला अन् अक्कल नाही आली याले." मी दोरा त्याच्या हातात परत ठेवला.

निघताना पिशवी उचलली तर वहिनी दारापर्यंत आली. म्हणाली, "सांभाळून जा, भाऊजी."

मी थांबलो. इतक्या वर्षांत तिनं मला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं.

"मी ते नाव सोडलं," ती खाली बघत म्हणाली. "ज्याले ते ठाऊक झालं त्यानं पुन्हा हाक मारली तर? नावच नसन तर कोणाले मारन?"

एस.टी.त बसून मी त्या 'भाऊजी'चाच विचार करत होतो. मशीनचं कोडं त्यापुढं मला काहीच वाटत नव्हतं.

साहेब अजून बुलडाण्यातच होते. तिथं येऊन त्यांना खरं ते सांगितलं. कागद समोर ठेवले. त्यांनी हळदीकुंकू बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणाला बोललात?"

"इकबालला माहीत आहे."

"इथंच थांबवा. एक ओळ लिहून द्या, की सर्व भाग पाठवले होते. सही करा. उद्या तुमचा कायमचा कागद निघेल."

"साहेब, हा भाग पाठवलेला नव्हता."

"मग मशीननं काय हवेतून आणला?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही असं कोणी लिहून देतं का?"

"मी देतो," मी म्हटलं आणि तिथंच बसून लिहून दिलं. एमओ-ड्राय पाठवलेला नव्हता, तरी प्रोग्राम चालला, कारण मला माहीत नाही. खाली सही केली, पूर्ण नावानं. शिवाय त्याच कागदावर मागणी लिहिली, की प्रोग्राम पुन्हा चालवून बघावा — एकदा तीच कार्डं, एकदा हा भाग घालून.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांना निकाल जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचे होते, आणि असा कागद हातात असताना ते देणं त्यांनाही जमेना. अखेर मी आणि इकबाल दोघंही मुंबईला गेलो.

तीच कार्डं, तोच क्रम, तीच मशीन. एमओ-ड्रायच्या पहिल्या हाकेला मशीन थांबली. छापलं — हे नाव सापडले नाही. जशी थांबायला पाहिजे तशीच थांबली.

मग माझे कागद पंचिंगला दिले. तिथली मुलगी म्हणाली, "हे पिवळं काय आहे? अक्षर आहे की डाग?" मी म्हटलं, "हळद आहे, ती सोडून बाकीचं पंच करा." तो भाग घालून प्रोग्राम चालला. निकाल आला. मी आणि इकबालनं पहिल्या फेरीचा कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. एक आकडा वेगळा नव्हता. बीबीची प्रत्येक कोरी जागा तशीच ठरवलेली.

इकबालनं चष्मा काढून पुसला. "तुळशीराम, मी नाही लिहिला बे तो भाग."

"माहीत आहे."

"मले लिहिता आला असता तं तुह्यासाठी थांबलो असतो का?"

जोगळेकर म्हणतो, मशीनमध्ये आधीच्या फेरीचं काही उरलं असेल. आधीच्या फेरीत एमओ घरच नव्हतं. साहेब म्हणतात, मी दुसरी प्रत पाठवली आणि विसरलो. मग ती प्रत छापलेल्या प्रोग्राममध्ये का नाही? आणि दुसऱ्यांदा तीच कार्डं का अडली? गावाकडचे म्हणतात ते तर तुम्हाला माहीतच आहे. मी या सगळ्यांना एकच सांगतो — तुमचं उत्तर प्रसंगाला पुरत नाही. लहान पडतं. माझ्याकडे मोठं उत्तर नाही, पण म्हणून लहान उत्तर घालून मी मोकळा होणार नाही.

बीबीला विहिरी मंजूर झाल्या. मला कायम करायला कंपनीनं पुढं फार वेळ लावला. तो माझ्या लिहून दिलेल्या कागदाचा परिणाम होता हे मला माहीत आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आम्ही मुंबईहून परतताच साहेबांनी एक हुकूम काढला होता. एमओ हे नाव प्रोग्राममधून काढून दुसरं काही ठेवा, उगाच चर्चा नको. मी म्हटलं, नाव बदलायचं तर मला काढून बदला. त्यांनी ते तसंच राहू दिलं. पुढं दुसऱ्या जिल्ह्यांची कामं आली तेव्हा तीच घरांची पद्धत पुण्याच्या ऑफिसानं उचलली. एमओ घर सगळ्यांत आहे. नवीन मुलं विचारतात, एमओ म्हणजे काय, आणि जोगळेकर त्यांना सांगतो — मिसलेनियस ऑपरेशन्स.

मुंबईहून परतल्यावर मी वहिनीला पत्र लिहिलं, नेहमीसारखं खिडक्यांच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. ते इथं देऊन थांबतो.

*

तीर्थरूप सौ. गोदावहिनीस, साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. मुंबईला जाऊन आलो. मला काही झालं नाही. जेवतो, झोपतो, काम करतो. दोरा बांधलेला नाही, बांधणार नाही.

तुमचा ताप उतरला असं दादानं कळवलं. बरं वाटलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. मी इथं एक घर बांधलं आहे. विटांचं नाही, खिडक्यांच्या कागदावरचं. त्यात सगळ्यांच्या उपयोगी पडणारी कामं ठेवली आहेत. ज्याला गरज लागेल तो त्या घराला हाक मारतो. त्या घराला मी तुमचं नाव दिलं आहे, तुम्ही मला दिलेलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्या घराला कोणीतरी हाक मारली होती. घरात कोणी नव्हतं. माझे कागद तुमच्या देवघरात होते. तरी आतून ओ आली आणि काम झालं. ओ कोणी दिली ते मला माहीत नाही. तुम्ही दिली असं मी म्हणत नाही. नाही दिली असंही म्हणत नाही.

पण तुमच्या हातून चूक झाली असं कोणी म्हटलं तर त्याला माझं नाव सांगा. मी येऊन त्याच्याशी बोलीन. ती चूक नव्हती.

इथले साहेब म्हणतात, ते नाव काढा. मी काढलं नाही. तुम्हीही काढू नका. मला भाऊजी म्हणायला गावात पुष्कळ आहेत. त्या नावानं हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. तुम्ही सोडलं तर मला त्या नावानं ओळखणारं कोणी उरत नाही.

दिवाळीला येतो. वांग्याचं भरीत करून ठेवा. दारात आलो की मी एकदाच हाक मारीन.

तिसऱ्या हाकेची वाट पाहू नका.

तुमचा,
मोती